फळी मोकळी झाली का?

या सदरातले अनुभव मी गेली तीन-चार वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांहून जास्त अनुभवांवर मनसोक्त हसलेय. हडळ, चकवा, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... एकदा तर खाली लिहिलंही होतं की बुवा, झोपण्याआधी जरा कमी जेवत जा. तेव्हा ज्यांना माझा राग आला होता त्यांनी आता हवं तेवढं हसून घ्यावं. मी सॉफ्टवेअरमधली बाई आहे. दहा वर्षं कोड लिहितेय, आणि "मशीनच चुकलं" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मशीन चुकत नाही, लिहिणारा चुकतो — यावर माझा आजही विश्वास आहे. म्हणूनच तर झोप लागत नाही.

काशीदहून मुरुडकडे यायला लागलं की उजव्या हाताला समुद्र सोबत येतो. मधल्या एका वळणावर सिमेंटचा अरुंद रस्ता खाली उतरतो. तिथे आमचा कोळीवाडा — चाळीसेक घरं, एक छोटा धक्का आणि धक्क्याच्या तोंडाशी मच्छीमार सोसायटीचं दोन खोल्यांचं ऑफिस. गावाचं नाव देत नाही. ज्यांना वर्णनावरून कळेल त्यांनी कृपया स्वतःपाशीच ठेवावं. मी नोकरी पुण्यातली करते, पण आई गेल्यापासून महिन्यातले तीन आठवडे इथूनच काम करते. घरात बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ प्रसाद. प्रसाद तांडेल आहे, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या. त्याच्या होडीचं नाव सागरलक्ष्मी, आणि त्याच्यासकट होडीवर चार जण.

बाबा सोसायटीच्या ऑफिसात फळी सांभाळतात. फळी म्हणजे भिंतीवरची जाड सागवानी फळी, तिला तीन रांगांत खिळे. होडी निघाली की तांडेल आपल्या होडीचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवतो, परत आला की काढून नेतो. फळीवर एक जरी बिल्ला असला तरी धक्क्यावरचा पिवळा बावटा उतरवायचा नाही आणि ऑफिसला कुलूप लावायचं नाही. सगळ्या होड्या आल्यासारख्या दिसतायत आणि तरी बिल्ला उरलाय, असं झालं तर सगळ्यात शेवटी आलेल्या होडीनं परत बाहेर जाऊन एक फेरी मारून यायची. कुरकुर न करता.

विचारायचं कसं, याचीही रीत आहे. ऑफिसात येऊन कोणी "आमचा अमका आला का" असं विचारत नाही. बायका दाराशी उभ्या राहतात आणि एवढंच विचारतात, "फली मोकली झाली का?" आमच्या बोलण्यात ळ चा ल होतो. हो किंवा नाही, एवढंच उत्तर. नाव घेऊन विचारलं तर त्या नावाचा खिळा फळीला कायमचा बसतो, असं म्हणतात. फळीच्या खालच्या कोपऱ्यात, रांग सोडून, एक खिळा आहे खरा. त्याला कधी कुठला बिल्ला लागत नाही आणि तो कोणी उपटतही नाही. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं की हा कोणाचा.

"कोनाच्या तरी आईनं नाव घेऊन इचारलं व्हतं," बाबा म्हणाले होते. "चल, घरी चल."

मागच्या वर्षी बाबांच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आला. बिल्ल्यांवरचे नंबर दिसेनात. एकदा त्यांनी चुकून बावटा लवकर उतरवला आणि दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा मी म्हटलं, एवढं शिकून मी करतेय काय! एक छोटा कॉम्प्युटर, कार्ड लावायचं मशीन, एक स्क्रीन — दोन रविवारांत फळी तयार केली. सोसायटीतली माणसं खूश झाली. बाबांनी मात्र जुनी फळी, बिल्ले नसले तरी, भिंतीवरून काढू दिली नाही.

आता थोडं कोडिंग. घाबरू नका, फळी कळली असेल तर हेही कळेल. प्रोग्रॅममध्ये 'मॅप' नावाचा एक डबा असतो. त्यात जोड्या ठेवायच्या — एक नाव आणि त्या नावाला जोडलेली माहिती. माझ्या मॅपमध्ये नाव होडीचं आणि माहिती म्हणजे होडीत माणसं किती. होडी निघताना तांडेल कार्ड लावतो, आकडा दाबतो, मॅपमध्ये नोंद पडते. परत येऊन कार्ड लावलं की नोंद पुसली जाते. सगळे आले का हे बघायला मॅपला एकच प्रश्न विचारायचा — तू रिकामा आहेस का? त्यासाठी 'एम्टी' नावाची सोय असते, उत्तर हो किंवा नाही. कंपनीत ज्युनिअर पोरांना मी हजारदा सांगते की किती आहेत ते मोजत बसू नका रे, आत काय आहे ते उपसू नका, रिकामा आहे का एवढंच विचारा. हे मी बाबांकडून शिकलेय, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग मी अतिशहाणपणा केला. म्हटलं, आता फोन सगळ्यांकडे आहेत, मग बायकांनी ऑफिसच्या दाराशी का उभं राहायचं? म्हणून एक पान बनवलं. त्यात होडीचं नाव टाकायचं, की उत्तर येतं — समुद्रात आहे किंवा घरी आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "नावानं इचारायचं?" मी म्हटलं, बाबा, हे मशीन आहे, मशीनला खिळे नसतात.

दुसऱ्याच दिवशी दुपारी सगळ्या होड्या धक्क्याला लागलेल्या आणि स्क्रीन म्हणतेय, फळी मोकळी नाही. आत बघितलं तर शेजारच्या सुनंदाकाकीच्या होडीची नोंद. माणसं शून्य. काकीचा नवरा माझ्या समोर जाळं साफ करत बसलेला! पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ज्या भाषेत मी हे लिहिलं होतं तिच्यात मॅपला चौकोनी कंसात नाव घालून विचारलं आणि ते नाव आत नसलं, तर मॅप 'नाही' म्हणत नाही. गुपचूप त्या नावाची जागा करतो, त्यात शून्य ठेवतो आणि ते शून्य तुमच्या हातात देतो. काकीनं गंमत म्हणून फोनवर विचारून बघितलं होतं, आणि नुसतं विचारल्यानं नोंद तयार झाली होती. अगदी शिकाऊ चूक. यावरून मी पोरांना फैलावर घेतलेलं आहे. लगेच कोड बदलला, कंस काढले, "आधी शोध, असेल तरच सांग" असं लिहिलं, दहा वेळा तपासलं. फोनचं ते पानही बंद करून टाकलं.

बाबांना समजावलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे नाव घेऊन इचारलं तं खिला बसतो."

मी खूप हसले. बाबा हसले नाहीत.

त्यानंतर दीड महिना सगळं सुरळीत. आता त्या दिवसाचं सांगते. गणपती होऊन गेले होते, परतीचा पाऊस रेंगाळत होता. तो पाऊस आमच्याकडे समुद्राकडून येत नाही, मागच्या डोंगराकडून येतो. दुपारपर्यंत लख्ख ऊन आणि मग एकदम काळोखी. त्या दिवशी ऊनच होतं. अडीच वाजेपर्यंत होड्या परतल्या, सगळ्यात शेवटी प्रसादची. मासळी उतरली, बायका टोपल्या घेऊन गेल्या. तीन वाजता मी सोसायटीच्याच ऑफिसात कंपनीची एक ऑनलाइन मीटिंग संपवून कान चोळत बसले होते. बाबा बावट्याच्या दोरीजवळ उभे राहून ओरडले, "बाय, फली मोकली झाली का गो?"

मी स्क्रीनकडे न बघताच हो म्हणणार होते. बघितलं. फळी मोकळी नाही.

आत बघितलं. नोंद एक. नावाच्या जागी काही नाही, कोरं. माणसं — एक.

पहिल्यांदा मी चिडले, घाबरले नाही. जुना बग, म्हणजे कोडमधली ती चूक, परत आला म्हणून नव्हे, कारण हा तो बग असूच शकत नव्हता. तो बग शून्य टाकतो. इथे एक होता. एक हा आकडा कोणीतरी कार्ड लावून दाबल्याशिवाय पडत नाही. आणि कोऱ्या नावाचं कार्ड मशीन घेतच नाही, तसं मी स्वतः लिहिलंय. कार्ड लावल्याची यादी उघडली. अडीचनंतर कोणीही कार्ड लावलेलं नव्हतं.

प्रसाद तेवढ्यात पाय धुऊन आत आला होता. अंगात ओली बनियन, हातात चहाचा पेला. माझा चेहरा बघून म्हणाला, "काय झाला?"

"एक नोंद आहे. नाव नसलेली. बग असणार."

"मंग सांग ना बाबांना मोकली झाली म्हनून. पुसून टाक. मना भूक लागलीय."

माझं बोट नोंद पुसायच्या बटणावर होतं. हे मी नीट सांगतेय, कारण महिनाभर मी याच क्षणाशी येऊन थांबतेय. एक बटण दाबलं असतं तर प्रसाद घरी जाऊन जेवला असता. पण बाबा दाराशी आले होते आणि त्यांना स्क्रीन दिसत नाही, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"एक हाय बाबा," मी म्हटलं. "पन त्याला नाव न्हाय. मशीनचा घोल हाय." घाबरले किंवा वैतागले की माझी पुण्यातली मराठी गळून पडते.

बाबा प्रसादला म्हणाले, "शेवटी कोन आयला?"

"मी."

"खडपाच्या भायेर एक फेरी मारून ये."

"बाबा, तो बग हाय!" मी ओरडलेच. "सगल्या होड्या लागल्यात. मोजा पायजे तं! मशीनच्या घोलासाठी मानसं पाठवता काय?"

"मोजायचं नसतं," बाबा म्हणाले. "मोकली हाय का न्हाय, येवराच."

प्रसादनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, बघ तुझे प्रताप, अशा अर्थाचे. चहा एका घोटात संपवला आणि तिघांना हाका मारत गेला. जाताना मशीनला कार्ड लावलं, चार दाबला. स्क्रीनवर नोंदी दोन झाल्या. एक सागरलक्ष्मी, माणसं चार. एक कोरी, माणसं एक.

खडप म्हणजे पाण्यातला खडकांचा पट्टा. तिथवर जाऊन यायला तास-सव्वा तास लागतो. त्यापलीकडे फोनला रेंज नाही. साडेचारला डोंगराच्या बाजूनं काळं यायला लागलं. पाचला वारा सुटला, असा की ऑफिसचे पत्रे उचलले जात होते. पाऊस आडवा येत होता. धक्क्यावरच्या माणसांनी होड्या जास्तीच्या दोरांनी बांधल्या आणि ती आत येऊन उभी राहिली. प्रसादच्या होडीवरच्या तिघांच्या घरच्या बायका आल्या, त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं. मी म्हटलं, न्हाय. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमपायी चार माणसं त्या पाण्यात होती.

पाच चाळीसला — वेळ नक्की सांगतेय, स्क्रीनच्या कोपऱ्यात असते — नोंदी गेल्या. दोन्ही. स्क्रीनवर हिरव्यात आलं, फळी मोकळी आहे.

कोणी कार्ड लावलेलं नव्हतं. मशीन माझ्या हाताशी होतं, त्याच्याजवळ कोणी फिरकलं नव्हतं. खिडकीतून धक्का दिसत होता, सागरलक्ष्मीची जागा रिकामी होती. समुद्रावर कोणी नाही, असं माझं मशीन सांगत होतं. आणि मशीन चुकत नाही, हे मीच सगळ्यांना ऐकवत आलेली.

"मोकली झाली का?" बाबांनी विचारलं. त्यांना हिरवा रंग तेवढा कळतो.

मी कीबोर्ड ओढला आणि जे करायचं नाही ते केलं. नाव घेऊन विचारलं. सागरलक्ष्मी — एकेक अक्षर टाईप केलं. कोड मी बदललेला होता. नाव आत नसेल तर फक्त 'नाही' यायला हवं होतं, नोंद तयार व्हायला नको होती. हे मी दहा वेळा तपासलेलं होतं.

हिरवं गेलं. फळी मोकळी नाही. नोंद एक. सागरलक्ष्मी, माणसं शून्य.

मी किंचाळले असणार, कारण सगळे माझ्याकडे वळले. बाबा जवळ आले, अगदी हळू म्हणाले, "नावानं इचारलंस?"

मी मान हलवली. बाबा मटकन खाली बसले. मी आजपर्यंत बाबांना रडताना बघितलेलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

पाऊस सहाला थांबला. सव्वासहाला, अजून चांगला उजेड होता, खडपाच्या टोकाकडून होडी दिसली. इंजिनाचा आवाज नव्हता. वल्ही मारत येत होते. आधी वाटलं डोळ्यांचा खेळ आहे, मग बायका धावल्या आणि मीही धावले, चपला न घालता. होडीत चारही जण होते. आणि पाचवा एक माणूस, ताडपत्रीत गुंडाळलेला, थरथरणारा, जिवंत.

तो खाडीपलीकडचा, दिघीच्या बाजूचा. सकाळी एकटाच एक बारकं होडकं घेऊन कालवं काढायला खडकांवर आला होता. त्या होडक्याची कुठे नोंद नाही, त्याला नावही नाही. तीनच्या सुमाराला ते उलटलं, तेव्हापासून तो एका निळ्या प्लास्टिकच्या पिंपाला मिठी मारून तरंगत होता. चहा पोटात गेल्यावर त्यानं हे सांगितलं. तीन वाजता. नाव नाही, माणूस एक.

प्रसादनं बाकीचं सांगितलं. लांबवर निळं पिंप दिसलं म्हणून ते आणखी बाहेर गेले, तेवढ्यात वारा सुटला आणि तिथवर पोचायलाच तासाभराहून जास्त गेला. त्या माणसाला वर ओढत असताना एक लाट आडवी आली, होडी पार कलंडली, चौघंही पाण्यात गेले. इंजिन बंद पडलं. किती वेळ पाण्यात होते, कळलं नाही. प्रसाद म्हणाला, "मना वाटला खलास. मंग कोनीतरी हाक मारल्यागत झाला आन् हाताला होडीची कड लागली."

"कवा?" मी विचारलं.

"काय ठावं. साडेपाच, पावनेसा."

मी त्याला घट्ट धरलं. त्याच्या अंगाला समुद्राचा वास येत होता, दात वाजत होते. माझा भाऊ होता. रीत म्हणून त्यानं ऑफिसात येऊन कार्ड लावलं. मशीनचा बीप वाजला. मी स्क्रीनकडे बघितलं.

फळी मोकळी नाही. नोंद एक. सागरलक्ष्मी, माणसं शून्य.

त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी बाईकवर आगरदांड्याला नेऊन जेट्टीवरून पलीकडे पाठवलं. गावात सगळे म्हणाले, तुझ्या मशीननं एक जीव वाचवला. सत्कार करायचा असंही निघालं होतं. मी नको म्हटलं.

कारण ती नोंद जात नाही. रोज सकाळी प्रसाद निघताना कार्ड लावतो, आकडा चार होतो. दुपारी परत येऊन लावतो, नोंद पुसली जायला हवी, त्याऐवजी आकडा शून्य होतो आणि नोंद तशीच राहते. बाकी प्रत्येक होडीची व्यवस्थित पुसली जाते. मी ती हातानं पुसून बघितली आहे. बटण दाबते, क्षणभर हिरवं होतं, परत येते. कंपनीतल्या माझ्या सीनिअरला काहीही न सांगता पूर्ण कोड दाखवला. त्यानं दोन दिवस बघून सांगितलं, "कोड एकदम ठीक आहे, मॅप रिकामाच यायला हवा." माझ्या लॅपटॉपवर तोच कोड चालवते तेव्हा रिकामाच येतो.

तुम्ही म्हणाल, मग मशीन बंद करून चालू कर. हा मॅप मशीनच्या मेमरीत असतो, वीज गेली की सगळं पुसलं जातं. ही माझी दुसरी शिकाऊ चूक, साठवून ठेवायचं पुढच्या वेळी करू म्हणून राहून गेलं. तर एक प्लग काढायचा अवकाश आहे, खरंच. पण माझ्याच्यानं होत नाही. पाच चाळीसला ती फळी मोकळी झाली तेव्हा माझा भाऊ पाण्याखाली होता. मी नाव टाईप केलं आणि त्याच्या हाताला होडीची कड लागली. आता नोंद कायमची पुसली तर काय होईल हे मला माहीत नाही आणि करून बघायचं नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी मोठा इन्व्हर्टर घेतला, वर एक जास्तीची बॅटरी. रोज सकाळी उठल्यावर आधी तिचे दिवे बघते.

बाबांना एकदा विचारलं, मी चूक केली का? ते म्हणाले, "खिला बसला म्हनून आले. पन खिला बसला." बावटा त्यांनी त्या दिवसापासून उतरवलेला नाही. ऑफिसला कुलूपही नाही. लोकांना वाटतं, म्हातारा आता विसरायला लागला.

प्रसाद ठीक आहे, हे आवर्जून सांगते. जेवतो, हसतो, माझी थट्टा करतो, फोनवर क्रिकेट बघतो. मी त्याच्याकडे चोरून बघत असते आणि मला माझीच लाज वाटते. एकच गोष्ट बदललीय. मासळी उतरली की पूर्वी तो सरळ घरी पळायचा. हल्ली ते चौघं धक्क्याच्या कठड्यावर एका रांगेत बसतात, समुद्राकडे तोंड करून, काळोख पडेपर्यंत. विड्या नाहीत, फोन नाहीत, फारसं बोलणंही नाही. सुनंदाकाकी एकदा म्हणाली, "शाने झाले पोरं." मी हो म्हटलं.

परवा संध्याकाळी पाच-सव्वापाचला प्रसाद ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर, बायका उभ्या राहतात तिथे.

"ताय," तो म्हणाला, "फली मोकली झाली का गो?"

आयुष्यात त्यानं हे कधी विचारलेलं नव्हतं. या रीतीची सगळ्यात जास्त टिंगल त्यानंच केली होती. मी स्क्रीनकडे बघितलं, उगाचच, कारण काय लिहिलंय ते मला पाठ आहे.

"न्हाय रे," मी म्हटलं. "एक हाय अजून."

त्यानं मान हलवली. जराही आश्चर्य नाही. "मंग बावटा नको उतरवू," तो म्हणाला. "येतील ते." आणि जाऊन कठड्यावर त्या तिघांच्या शेजारी बसला. फळीवर बाकी आहे ती एकच होडी, सागरलक्ष्मी, आणि तिची चारही माणसं माझ्या समोर बसली होती.

कोण येतील, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही, आणि तुमच्यापैकी कोणी कोडिंगवाले खाली काय काय सुचवतील ते मला आधीच माहीत आहे, ते सगळं मी करून बघितलंय. प्लग सोडून. फक्त एक विनंती आहे. काशीदकडून मुरुडला जाताना खाली धक्क्यावर पिवळा बावटा दिसला तर गाडी थांबवून फोटो खुशाल काढा. पण तो कोणासाठी आहे असं तिथे कोणाला विचारू नका. आणि माझ्या भावाचं नाव मी इथे लिहून बसलेय, ते मोठ्यानं वाचू नका.